सहा स्टिकर

थिएटरबाहेरच्या लोखंडी कपाटावर
एक लांब वही असते, तिची राखण माझ्याकडे.
पेटी फुटली की आतलं स्टिकर सोलते
नि चिकटवते: गोळा, दांडा, माप, लॉट नंबर.
शेजारी माणसाचं नाव, गाव,
खुबा डावा की उजवा.
शेवटचा रकाना 'तक्रार'.
बहुतेक कोराच.
कोरा म्हणजे बरं आहे, असं आम्ही समजत आलो.
विचारायला कुणी गेलं नव्हतं.

शिमग्याची सुट्टी संपली आणि कंपनीचं पत्र आलं,
चार ओळींचं, फार सभ्य.
या लॉटचे दांडे वापरू नयेत.
वापरले असल्यास
रुग्णांवर लक्ष ठेवावे.

वहीवरून बोट फिरवत गेले.
सहा निघाले.

सर्जेकोटचे लवू मेस्त्री होड्या बांधतात.
शेवाळावर घसरले होते,
स्वतःच्याच होडीच्या सावलीत.
आता वाळूत उकिडवं बसायचं नाही, म्हणून
प्लास्टिकच्या खुर्चीवरून नातवाला सांगत होते
खिळा कुठे, किती तिरका.
पत्र वाचून दाखवलं.
"धातू वायट, की घडवणारो?"
पत्रात तेवढं नव्हतं.
"माका एकदा इकणाऱ्यान खिळे दिल्यान, तांब्याचे म्हणान.
आत लोखंड, वर नुसतो मुलामो.
सात होडये पाण्यात गेल्ले.
सगळे परत वडून हाडलंय, एकेक खिळो उपसलंय,
माझ्या पैशान.
मगे त्या इकणाऱ्याक शोधलंय."
मांडीवर थाप मारली.
"ह्यो कसो उपसतलंस?"

एक्स-रे काढला.
सिमेंट आणि हाड यांच्यामध्ये
एक काळी रेघ, केसाएवढी.
डॉक्टर म्हणाले, आत्ताच काही नाही, सहा महिन्यांनी पाहू.
मेस्त्रींनी फिल्म उन्हात धरली,
फळी पारखावी तशी एक डोळा मिटून.
"अशी फट दिसली तर मी कापूस नि राळ भरतंय.
हय काय भरूचा?"

कोळंबच्या पावलीन फर्नांडिस
मिस्साला गुडघे टेकत नाहीत,
बाकी सगळं करतात, भांडतातसुद्धा.
जैतूनबी मुजावर कुवेतला, लेकीकडे.
फोनवर आवाज तुटत होता:
नमाज खुर्चीवर, जिना नको वाटतो,
रात्री मांडीत कळ येते, पण ती आधीपासूनची.
आधीपासूनची म्हणजे कधीपासूनची,
विचारेपर्यंत फोन गेला.
आणखी एकाने पत्र हातात न घेताच दार लावलं.

मसुऱ्याच्या सत्यभामा परब
गेल्याच होत्या; वर्षश्राद्धही झालेलं.
मुलाने खिडकीतून एक पुडकं काढलं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं.
राखेत सापडलं म्हणाला.
खाडीत सोडवेना. घरात ठेवावं की नाही, कुणी सांगेना.
गोळा काळवंडला होता, चकाकी
एकाच बाजूला राहिली होती,
जिथे तो आत फिरत असणार.
दांड्याची मान मी पदराने पुसली.
नंबर वाचता येत होता.
वहीतल्याशी जुळला.
"चालायच्या का?"
"शेवटच्या दिवसापर्यंत. कोंबड्या तीच कोंडायची."
मी रकान्यात लिहिलं: नाही.
सात वर्षं, दोन महिने. तक्रार नाही.
त्या वहीतलं ते पहिलं 'नाही'.
त्याने पुडकं पुन्हा बांधलं
आणि मला विचारलं, हे तुम्ही नेता का?
मी नेलं नाही.
अजून ठरवता येत नाही, न्यायला हवं होतं का.

राहिलं सहावं नाव: बाबल केळुसकर, उजवा खुबा.
फोन नंबर एका आकड्याने कमी.
पत्त्याच्या जागी घाईत लिहिलेलं,
अक्षर माझंच:
समुद्राजवळ.

सोमवारी रजा टाकलीय.
तारकर्लीपासून सुरू करते.