टेका

जयगडच्या फेरीबोटीच्या उतारावर माझं दुकान.
झेरॉक्स, लॅमिनेशन, सातबारा, लाइट बिल.
व्हिसाचा फॉर्म मी जन्मात पहिल्यांदा उघडला
तो जमीला सारंग यांच्यासाठी,
म्हणजे खरं तर रॉडेल माकालिंतालसाठी,
जो बातांगासला स्वतःच्या ओट्यावर बसला होता
आणि ज्याचं तोंड माझ्या काउंटरवर
डिंकाच्या बाटलीला टेकवलं होतं.
पत्ता तुम्हीच लिहा, म्हणाला,
माझ्या हातून जयगड दरवेळी वेगळं होतं.

तो फिटर, अब्बास सारंग बोसन,
एकोणीस वर्षं एकाच कंपनीची जहाजं.
आता अब्बासभाई तवसाळला खाटेवर.
उजवी बाजू गेली.

गेल्या दहा वर्षांत कोणकोणत्या देशांत गेलात?
रॉडेल हसला. मोबाइल पडेपर्यंत हसला.
मग सांतोस, डर्बन, फुजैरा, काओशुंग…
मी म्हटलं, देश सांगा, बंदरं नकोत.
देश कुठे बघितले, म्हणाला,
क्रेनी बघितल्या.

अंगावरची खूण: डाव्या अंगठ्यावर वेल्डिंगचा डाग.
धर्म. आईचं नाव.
आजोबा पाकिस्तानचे होते का?
आजोबा नारळ सोलायचे.
आमचे पण, जमीलाबाई म्हणाल्या.

फोटोला पांढरी पार्श्वभूमी हवी.
त्याच्या बायकोने मागे चादर धरली,
कडेला तिची चार बोटं आली,
फॉर्मने फोटो परत फेकला.
मी बोटं कापून पुन्हा चढवला.

तो म्हणाला, आमच्याकडून बँकॉकला, हनोईला
पासपोर्ट दाखवायचा, परतीचं तिकीट दाखवायचं, शिक्का, झालं.
तुम्ही एवढे लांब आहात का?
मला भूगोल येत नाही.
मी पुढचा रकाना वाचला.

येण्याचा हेतू.
मला वाटलं, इथे अडणार.
पण यादीत होतं: मित्रांना भेटणे.
एवढं साधं असेल असं वाटलं नव्हतं,
म्हणून मी दोनदा दाबलं.

पासपोर्टचं पान चढत होतं, चकती फिरत होती
तेव्हा जमीलाबाई बोलल्या,
की त्यांना आता एकच शब्द येतो.
टेका.
रात्री दोन वाजता टेका, पेज भरवताना टेका.
मी एक उशी दिली पाठीला. मग दोन.
मग गोधडीची गुंडाळी.
सुताराकडून त्यांच्याच जहाजी पेटीची फळी करून घेतली,
तिला टेकवलं.
तरी टेका.

डिंकाच्या बाटलीपाशी जरा शांतता झाली.
मग रॉडेल म्हणाला, तेका.
जीभ दातांना लावून, नीट.
आमचा शब्द आहे. म्हणजे, थांब जरा.
हुक खाली येत असला, दोर सुटला,
की मी ओरडायचो, तेका!
त्याला मी हाच पहिला शिकवला.

आठ महिने, जमीलाबाई म्हणाल्या.
ओढणी सारखी केली, पुन्हा केली.
आणि थांब म्हटल्यावर पुढे काय म्हणायचे?

पुढे बहुतेक शिवी असायची, रॉडेल म्हणाला.

त्या हसल्या. दात नसलेल्या बाजूने,
हात तोंडावर न्यायचा विसरून.

फॉर्म गेला. स्थिती: प्रक्रियेत.
मी सांगितलं, पाहुणा घरी उतरला
की चोवीस तासांत त्याचा सी फॉर्म भरावा लागेल,
माझ्याकडेच या.
त्यांनी लाइट बिलाच्या पाठीवर लिहिलं: चोवीस.
खाली लिहिलं: तांदूळ.

भोंगा झाला. शेवटून दुसरी बोट.
त्या उतारावरून निघाल्या,
चपला हातात, पिशवी काखेत,
खलाशी फळी उचलायला लागलेला,
आणि मला दुकानातून ऐकू आलं,
अख्ख्या धक्क्याला ऐकू आलं:
तेका!

खलाशाला काही कळलं नाही.
वाकलेला होता तसाच
मान वळवून बघत राहिला.