पिलीपिलीचं नाक

मोरोगोरोत सकाळी सात वाजता
मी पिलीपिलीला काचेच्या पेटीत सोडते.
तळाला दहा भोकं. प्रत्येक भोकाखाली
कुणाचा तरी रात्रभरचा खोकला,
तापवून निर्जंतुक केलेला, नंबर चिकटवलेला.

ती पळते.
एक, दोन, तीन ओलांडते,
भाव न विचारताच पुढे जाणाऱ्या बाईसारखी.
सातव्यावर थांबते.
मिशा थरथरतात, पंजे खरवडू लागतात.
मी श्वास धरून सेकंद मोजते.
तीन.

सातवा नमुना शाबानी म्फिंगाचा.
बसस्टँडमागे मशीन घालून बसतो,
शाळेचे निळे गणवेश शिवतो.
दवाखान्यातल्या सूक्ष्मदर्शकाला
काचपट्टीवर काहीच दिसलं नव्हतं.
'जा घरी.'
गेला. चार महिने खोकत राहिला,
मुलीच्या अंगावर पांघरूण घालताना
तोंड भिंतीकडे वळवून.

मी टिचकी वाजवते,
नळीतून केळ्याचा लगदा देते.
एवढीच तिची फी.

माझी आई मक्याच्या कोठीपाशी
उंदीर दिसला की झाडू उगारायची.
तिला अजून सांगितलेलं नाही
मी नेमकं काय करते.
'तपासणीचं काम,' एवढंच.

पुन्हा एकदा तपासून, खात्री करून
दुपारी शाबानीला फोन लावते.
बराच वेळ तो गप्प. मागे मशीनची खडखड,
मग तीही थांबते.
'नवीन यंत्र आलंय का तुमच्याकडे?'

पिलीपिली गाल फुगवून
शेपटीत तोंड खुपसून झोपलीय.

'जुनंच आहे,' मी म्हणते.
'उद्या या. मुलीलाही आणा.'