पान अकरा

माझ्याकडं अठ्ठावीस पानं आहेत. छापील नव्हेत, मूळ.
ज्यांवर चित्रकाराचा हात टेकला होता
आणि तळव्याचा घाम अजून पिवळा दिसतो.
छापताना न उमटणारी निळी पेन्सिल,
चुकलेल्या नाकावर पांढऱ्या रंगाचा पोपडा,
समासात तिरकं लिहिलेलं, "ढग उद्या."
विम्याचे हप्ते गोळा करता करता ही गोळा केली,
संकेश्वर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी,
कुणाच्या माळ्यावरून, कुणाच्या पापडाच्या डब्यातून.
बायको म्हणते, लोक प्लॉट घेतात ओ.

नऊ वर्षांचा होतो. खानापूरला, सलूनच्या बाकावर,
'बिजली बसवंत' वाचत.
दहाव्या पानाच्या शेवटी बसवंत गोकाकच्या धबधब्यात पडला.
तेराव्यावर ओल्या मिशीनं चहा पितोय.
मधलं पान वस्तऱ्याचा फेस पुसायला गेलेलं.
चाळीस वर्षं तो माझ्यात पडतोय.

परशराम तिगडी दिवसा साड्यांचे काठ काढायचा
आणि रात्री बसवंत.
हे कळलं वडगावात, माग बंद पडलेल्या शेडमध्ये.
त्याला जाऊन एकोणीस वर्षं झालेली.
त्याची सून गंगव्वा पंचकार्डांची खोकी उपसत म्हणाली,
"बघा की ओ, उंदरानं ठेवलं असेल तर."

उंदरानं ठेवलं होतं.
जाड कागद, एका कोपऱ्याला दात लागलेले. वर आकडा, ११.

झुलता पूल, खालून बघितल्यासारखा.
पाणी काढलेलंच नाही,
नुसता कोरा कागद सोडलाय, आणि तो कोसळतोय.
पुलावर एक बाई. बाजाराला निघालेली असावी,
गाठोडं सुटलंय, नवं लुगडं खाली सोडलंय, नऊ वार,
आणि टोकाला बसवंत, एका हातानं.
काठाचा एकेक ठिपका मोजून काढलेला.
त्याच्या फुग्यात कानडी.
कानडी चिठ्ठीचा डिंक सुटलाय, खाली मराठी.
घट्ट धर, अक्का. अक्का दोन्हीकडं तीच.
मराठीच्याही खाली शिसपेन्सिल,
"सूत साडेचार रत्तल. पैसे सोमवारी."

इथं मी तोंड सरळ ठेवलं. येतं मला ते,
अठ्ठावीस पानांनी शिकवलंय.
जांभई दिल्यासारखं करून म्हटलं, किती द्यायचे?
"द्या की, तीनशे."
मी अडीचशे म्हणालो.
हे लिहायचं नव्हतं.

तिनं नोटा मोजल्या नाहीत. म्हणाली,
"मागची बाजू बघितलीसा काय?"

पालथं केलं. बारीक चौकोन, तांबडे काळे ठिपके,
एका लुगड्याचा काठ. पुलावरनं सोडलेल्या त्याच.
"एकच निघालं ह्या नक्षीचं. सासूच्या अंगावर बघितलंय मी.
तिच्यासंगंच गेलं.
ह्या बाजूची एक झेरॉक्स आणून देता काय?"

चौकातल्या पोरानं पान काचेवर ठेवलं,
काठ खाली, बसवंत वर. झाकण लावलं.
उजेड ह्या टोकाकडनं त्या टोकाकडं गेला,
धोटा जातो तसा.
काठ आला. काठाच्या आरपार, फिकट, उलटा,
एक हातही आला.
"डाग उमटलाय, दुसरी काढू काय?"
राहू दे, म्हटलं.

पन्नासची नोट झेरॉक्सच्या घडीत ठेवली.
मग घडी उघडून परत काढली.
तिनं विचारलं असतं, हे कशाचे?
आणि एवढं मोल कळल्यावर
ती उरलेली खोकी नीट बघितली असती.

बारावं पान अजून मिळालेलं नाही.