दोन मिनिटांची साक्ष

माझ्या हातात घड्याळ असतं.
हिरवा दिवा, पिवळा, मग लाल.
समितीसमोर प्रत्येकाला दोन मिनिटं,
महापौर असो की झाडूवाली.
आणि जे बोललं जाईल ते टिपायचं, जसंच्या तसं.
एवढंच माझं काम.

बीकन हिलवरच्या या दालनाच्या भिंती जाड,
काचा दुहेरी,
खुर्च्या अशा की बसल्याबरोबर
माणूस आपोआप हळू बोलू लागतो.

आज विधेयकाची सुनावणी.
विमानतळ, इंधनाच्या टाक्या, खाडीकाठचा मिठाचा डोंगर
यांच्या सावलीत राहणाऱ्यांच्या श्वासाबद्दल
बारा पानं.
पहिल्या मसुद्यात होतं: राज्य मोजेल.
दुसऱ्यात आलं: राज्य मोजू शकेल.
एका क्रियापदाला टेकू दिला
आणि अख्खं घर कललं.

कंपनीचे वकील एक मिनिट अठ्ठावन्न सेकंदांत संपले.
स्वच्छ बोलले. समतोल हा शब्द चार वेळा.

मग युलालिया मेनहिवार.
राहणार ईस्ट बोस्टन, तिसरा मजला.
काम, नर्सिंग होममध्ये रात्रपाळी.
झोप दिवसा, म्हणजे झोप म्हणायची एवढंच.
कागद आणला नव्हता. म्हणाल्या,
माझा नातू विल्बर, सात वर्षांचा, त्याला पंप

आणि थांबल्या.

मान किंचित वर.
बोलताना उचललेला हात हवेत तसाच.
आडव्या जाणाऱ्या गुरांना वाट देत
एखादा उभा राहतो ना, तशा.
रागही नाही, घाईही नाही.
अध्यक्षांना वाटलं, गहिवरल्या.
त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.
बाईंनी तो पाहिलाही नाही.

पंप लागतो, शाळेत दोनदा, घरी रात्री

पुन्हा थांबल्या.

मी सहज मागच्या रांगेकडे पाहिलं.
त्यांच्या गल्लीतले सगळे तिथे बसलेले,
आणि सगळ्यांच्या माना वर,
त्याच कोनात, छताच्या नक्षीकडे.
एका पोराने तर अर्धी जांभई धरून ठेवलेली.
वर काही नव्हतं.
एक झुंबर होतं, न पेटलेलं.

तेव्हा मला लोटे आठवलं,
एमआयडीसीच्या कुंपणापलीकडची आमची खोली.
जेवता जेवता बाबांचा घास हातात थांबायचा,
ते नुसते वारा हुंगायचे
आणि आई न बोलता खिडक्या लावून यायची.
पुढे साताऱ्याला आलो, हवा चांगली होती,
तरी बाबांचा घास थांबायचा
आणि आई उठायची.
देह एकदा कायदा पाळू लागला
की तो रद्द झाल्याचं त्याला कुणी कळवत नाही.

लाल दिवा लागला.
बाईंचं वाक्य मधेच राहिलं.
थँक यू म्हणून त्या जागेवर गेल्या,
जाताना शेजारणीला कुजबुजत विचारलं, जास्त बोलले का गं?

नोंदीच्या तक्त्यात शांततेला रकाना नाही.
मी तरी टाईप केलं:
साक्षीदार विमान जाण्याची वाट पाहते. अकरा सेकंद.
खाली पुन्हा तेच. दहा सेकंद.
पुन्हा. बारा.
असं सहा वेळा.
साहेब कदाचित खोडतील. खोडोत.
राज्य मोजू शकेल म्हणतंय,
मी मोजले, अडुसष्ट.

पुढचं नाव पुकारलं.
ओटाव्हिओ सार्रो, वय एक्याऐंशी,
काठी टेकत माइकपर्यंत आले,
टोपी काढली, घसा खाकरला,
म्हणाले, मी त्या गल्लीत जन्मलो तेव्हा तिथे

आणि मान वर केली.

घड्याळ पळत होतं.
नियमात बसतं की नाही, मला ठाऊक नाही.
मी बटणावर बोट ठेवलं.