बादलीचे उपयोग

प्रशिक्षणात एक कागद मिळाला होता:
साधी वस्तू द्या, पाच मिनिटं द्या,
मुलांना किती वेगळं सुचतं ते मोजा.
मी लादी पुसायची बादली टेबलावर ठेवली.
निळी. कडी एका बाजूनं निखळलेली.

सोमवार होता. घणसोलीच्या आमच्या शाळेत
सहावी ब ला नुकतेच गणिताचे पेपर मिळालेले.
सदतीस मुलं, सदतीस खाली घातलेल्या माना.
पाणी भरणे. कपडे भिजवणे. लादी पुसणे.
पाणी भरणे. पाणी भरणे.
शेजारच्याचं बघून लिहिलेलं,
तरी चुकेल म्हणून दोनदा खोडलेलं.
मीही घरून भांडून निघाले होते,
हसले नसेन.
पोरं फळ्याआधी बाईंचा चेहरा वाचतात.

गुरुवारी परत तीच बादली.
उचलायला गेले नि कडी हातात आली,
बादली गडगडत थेट शेवटच्या बाकापर्यंत
आणि भावेश मढवी ओरडला, "बाई, गोल!"
मला हसू आवरेना.
मग काय,
चंद्रावरच्या माणसाचं हेल्मेट.
खाडीतल्या चिंबोऱ्यांचं वसतिगृह.
मांजरीचं बाळंतघर, वर जुनी चड्डी पांघरून.
पूनम राठोड म्हणाली, "उंची, बाई.
उलटी ठेवून चढलं की
खारफुटीच्या पलीकडचं पाणी दिसतं."
फळा भरला. खडू संपला.

वाटलं, कळलं आपल्याला:
धाक काढा, हसू द्या, कल्पना येतात.
अहवालात तसं लिहूनही टाकलं,
सुवाच्य अक्षरात.

सोमवारचे कागद रद्दीत टाकण्याआधी सहज चाळले.
सुयश घरत, जो दोन्ही दिवस गप्प होता,
त्याच्या कागदाच्या मागे, पेन्सिलीनं, फिकट:

बादली डोक्यावर घालायची.
आत जोरात ओरडायचं.
बाहेर पप्पांना कमी ऐकू जातं
आणि आपला आवाज
आपल्याला मोठ्या माणसाचा वाटतो.

तक्त्यात तीन रकाने:
सामान्य, वेगळे, अतिशय वेगळे.
मी पेन उघडून बसले.
शाळा सुटली, मैदान रिकामं झालं,
पेनाचं टोक वाळलं.

सफाईच्या मावशी दारात आल्या.
"बाई, बादली देता ना?"
उचलली, पुढे केली,
मग म्हटलं, थांबा हो दोन मिनिटं,
आणि दार आतून लोटून घेतलं.