स्कूटर गॅरेजात असताना

हसमुखभाई म्हणाले, पार्ट अहमदाबादहून यायचाय,
आठ दिवस धरून चाला.
धरून कसलं, नुसतंच चाला.

दांडिया बाजार ते सयाजीगंज,
स्कूटरवर हां हां म्हणता संपायचं,
ते आता संपेना.

पहिल्या दिवशी फक्त घाम
आणि चपलेचा अंगठा.
दुसऱ्या दिवशी कळलं
काळ्या घोड्याच्या पुलाला चढ आहे.
सव्वीस वर्षं जातेय इथून,
गुडघ्यांना कधी विचारलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी कठड्याशी थांबले, दम खायला.
खाली विश्वामित्री, माघातली,
कपाच्या तळाशी उरलेल्या चहाएवढी.
काठावर मगर.

मगरीचं काय कौतुक आम्हा बडोदेकरांना?
पाहुण्यांना बोट करून दाखवायची,
ती बघा, आणि पुढे.
आज ती हलेना, मीही.

जबडा उघडा,
दार लावायचं राहून गेलेल्या घरासारखा.
आणि हातभर अंतरावर चिखलात
एक इवलासा काळा-पांढरा पक्षी,
शेपूट खाली-वर, खाली-वर,
काहीतरी टिपत
जबड्याच्या सावलीत गेला,

टिपत राहिला,

बाहेर आला.

मी श्वास धरून होते.
काही झालं नाही.
ते न होणं बघत किती वेळ उभी होते, कोण जाणे.

शेजारी शेंगांची टोपली टेकवून म्हातारा वाकला.
"शुं जुओ छो, बेन?"
मी बोट केलं. मगरीकडे नाही.
"ए तो दिवाळीघोडो," तो म्हणाला,
दिवाळीला येतो, होळी झाली की जातो,
आणि टोपली उचलून निघाला.

म्हणजे घोडे दोन इथे.
एक चौकात, काळा, धातूचा,
पाय उचललेला तो अजून टेकायचाय.
दुसऱ्याला पाय ठरत नाही.
आणि मी इतकी वर्षं
पहिल्यालाच वळसा घालून
मस्टर गाठत आले.

मस्टरवर लाल शेरा.
माहूरकर साहेब चष्म्यावरून:
कुठे अडकलात?
पुलावर, साहेब.
ट्रॅफिक?
हो, म्हटलं. शेपटीएवढा.

चौथ्या दिवशी तो नव्हता.
पाचव्या दिवशीही नव्हता,
मगरही नव्हती, नुसता चिखल,
त्यात बारीक पावलांची नक्षी
वाळत चाललेली.
तीही बघितली.

आज हसमुखभाईंचा फोन:
स्कूटर तैयार छे, बेन, क्यारे आवशो?
कॅलेंडरकडे पाहिलं. अजून अकरा दिवस.
म्हटलं, होळी झाल्यावर नेईन.
तोवर
ब्रेक तेवढे बघून ठेवा.