आणि

बेचाळीस वर्षं पत्रे रंगवतोय, आर्वी ते तळेगाव रस्त्याला.
दुकान कुणाचं, हे मला शटर उघडण्याआधी कळतं,
अक्षर किती उंच मागतात त्यावरून.

एकट्याचं असलं की नाव मोठं.
‘जय बजरंग किराणा’ चार बोटं,
खाली ‘प्रो. प्रा. दौलत नेवारे’ सहा बोटं.
गल्ला त्याचा, उधारीची वही त्याची,
सुट्टीची परवानगी स्वतःलाच मागायची
आणि तो कधी देत नसे.
दुकान बसलं तेव्हा
पत्र्याच्या मागोमाग बायकोची पोत गेली.
दुकान आणि घर यांच्यात भिंत होती,
कागदावर नव्हती.

भोयर आणि काळबांडे, मोटार रिवाइंडिंग.
दोन्ही नावं सारखी हवीत म्हणून
दोघं टेप घेऊन शिडीखाली उभे.
भोयर तीन अक्षरं, काळबांडे चार,
मी भोयर जरा पसरून लिहिला.
नऊ वर्षांनी काळबांडे एकटाच आला,
चहा न घेता म्हणाला, “आणि पुसून टाक.”
“आणि काय पुसू?”
“तेच. ‘आणि’. आन् त्याच्या आंधीचं.”
पुसलं.
उन्हं कलली की रंगाखालून अजून दिसतो भोयर.

जिनिंग संस्थेचा पत्रा सगळ्यात लांब,
नावापेक्षा रजिस्टर नंबर ठसठशीत.
मालक कोण, मी विचारलं; लिहायला नाही, बिलासाठी.
सचिव हसले, “चारशे बारा.”
मग पैसे?
“ठराव घ्यावा लागते.”
दोन आमसभा झाल्या, एकदा कोरमच नव्हता.
पण मी मागच्या सतरंजीवर बसून पाहिलंय:
साठ एकरवाल्या देशमुखाला
आणि अर्ध्या एकरवाल्या उईकेबाईला
हात एकदाच वर करता आला.

बचत गटाच्या अकरा जणी आल्या, पत्रा दोन फुटी.
अकरा नावं मावेनात.
तासभर माझ्या ओट्यावर कल्ला.
शेवटी शेवंता कोडापे म्हणाली,
“कोनाचंच नोको. पापड काढा.”
काढला.
गोल काढणं अक्षरांपेक्षा अवघड.

मग संत्रावाल्यांची कंपनी निघाली.
‘मर्यादित’ लिहायला आलो तर पत्रा संपत आलेला.
शिडी धरून कवडूजी, “मर्यादा कायची रे?”
वर्ध्याच्या हिशेबवाल्या पोरीनं सांगितलं,
बुडालीच तर शेअरपुरते बुडाल, घर शाबूत.
कवडूजी बराच वेळ त्या शब्दाकडे पाहत राहिले.
“नेवाऱ्याच्या पत्र्यावर हा शब्द काऊन नाई लिवला?”
मी ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवला.
आपण सांगतील तेवढंच लिहितो.

परवा पोरानं फ्लेक्सचं मशीन आणलं.
विचारतो, बाबा, नाव काय टाकू?
कंप्युटरवर दोन्ही नावं बरोबर एका मापाची येतात म्हणे,
टेप लागत नाही.
थांब, म्हटलं.
‘आणि’ला जागा किती ठेवायची
ते आधी फरशीवर खडूनं काढून बघतो.